तिसऱ्या सिलेंडरचा स्टड

तुटला तेव्हा आवाज असा झालाच नाही.
पाना हातात एकदम हलका झाला, एवढंच.
अंधारात नसलेली पायरी उतरावी तसं.

लसणाचा मेटॅडोर, सांवेरहून आलेला.
हौद्यात अजून सालपटं उडतायत
आणि हेड माझ्या टेबलावर उताणं:
सात स्टड उभे,
आठवा तांदळाच्या दाण्याएवढा आत खचलेला,
गंजून हेडचाच होऊन गेलेला.
मालक विचारतो, पहाटे मंडी गाठायचीय, होईल ना?
मी म्हणतो, होईल.
चाळीस वर्षं मी होईलच म्हणत आलोय.

आधी तेल. मग गॅसची ज्योत, गोल गोल.
हेड तापलं की मेणबत्ती टेकवायची
आणि बघत बसायचं,
मेण कुणी न सांगता आट्यांत कसं उतरतं ते.
ही युक्ती दांगीची.
दिवाळीत उरलेल्या मेणबत्त्या तो
फीलर गेजच्या खणात ठेवायचा.
त्यातल्या दोन अजून आहेत. होत्या. आता दीड.

त्याच खणात ईझी-आऊट आहे.
त्याला मी हात लावत नाही.
अकरा वर्षांपूर्वी एका जीपच्या हेडमध्ये
तो माझ्या हातून आतच मोडला.
काचेसारखी कडक जात त्याची, मोडला की मग
ड्रिल चालत नाही, छिन्नी चालत नाही,
शिवीही चालत नाही.
दांगी थांब म्हणत होता. मला घाई होती.
हेडचे पैसे कोणी भरायचे, इथून निघालेली गोष्ट
बोर्डापर्यंत गेली.
पेंटरने 'दांगी' पुसलं,
'अँड' पुसायचे वेगळे पैसे मागितले.
म्हणून नवलख्याला अजून वाचता येतं:
लांभाते अँड

सियागंजात तीन दुकानं फिरलो.
उलट्या फिरकीची ड्रिल, पाचची.
सगळ्यांनी सुलट्या काढून दाखवल्या,
एकाने चहा विचारला.
आख्ख्या इंदुरात ती कोणाच्या पेटीत आहे
हे पहिल्या दुकानाआधीच ठाऊक होतं मला.

पोलोग्राऊंडला त्याचं शटर अर्धं वर.
आधी चष्मा दिसला, मग तो.
"कितरा को?"
"आठचा. मेटॅडोर. एक्झॉस्टचा."
"टूट्यो के तोड्यो?"
मी म्हटलं, तोडला.

त्याने पेटी उचलली, शटर ओढलं,
माझ्या स्कूटरवर मागे बसला,
पेटी दोघांच्या मध्ये.
सगळ्या खड्ड्यांत ती माझ्या पाठीला लागत राहिली.

सेंटर पंच त्याने दोनदा मारला.
पहिला केसभर डावीकडे होता,
मला तर दिसलाही नसता.
मशीन उलटी, सगळ्यात हळू.
मी हेड धरून.
आधी काळा भुगा, मग करडा,
मग चकचकीत बारीक पीळ,
जळक्या मेणाचा वास,
आणि ड्रिल एकदम अडली.

मी श्वास धरला. त्याने बोट काढलं नाही.
तुकडा तिच्याबरोबर फिरला.
एक आटा. दुसरा.
हाक न मारता झोपेतून उठून
बाहेर आलेल्या पोरासारखा वर आला.

दांगीने तो तळहातावर घेतला, फुंकला,
आणि शर्टाच्या खिशात टाकला.

चहा आला. मी पोऱ्याला म्हणालो,
यांचा जास्त गोड.
"सक्कर नी," दांगी म्हणाला,
"पाँच बरस हुई ग्या."
पोऱ्या माझ्याकडे बघत राहिला.
तो ग्लास मीच प्यायलो. दोन्ही प्यायलो.

टॅप फिरवून आटे साफ केले,
नव्या स्टडला तांब्याचं ग्रीस लावलं,
बोटांनीच तळाला टेकवला.
हात पान्याकडे गेला तसा तो म्हणाला,
"रेवा दे."
राहू दिलं.

पहाटेच्या आधीच मेटॅडोर गेला,
फटफट न करता.
पेटी घेऊन दांगीही गेला, रिक्षाने.
ड्रिल माझ्या मशीनच्या चकमध्येच राहिलीय.
आज गुरुवार. मी फोन केलेला नाही.
तो कधी काही विसरतो
असं मला तरी आठवत नाही.