शिडी हिरवी होती

खोक्यावर खडूने लिहिलेलं : पाय जपा.
आत, पिवळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
वीतभर उंचीचा तो,
उडायला भिणारा करकोचा,
खांद्यावर शिडी.

आमच्या घरी टीव्ही कृष्णधवल.
चाळीस वर्षं मी धरून चालले होते
की शिडी राखाडी आहे.
हिरवी निघाली.
कौनासच्या त्या गोदामात हातमोजे काढून
मी तिला हात लावला
आणि रंगाचा टवका नखात आला.

नवे लोक चांगले आहेत, खोटं कशाला बोलू.
पैसा आहे, मुदत आहे,
पिसं मोजून चोवीस हजार,
वाऱ्यात प्रत्येक पीस आपापलं हलतं.
फक्त तो चालायला लागला
की कुणी दुसराच चालतो.

म्हणून वैदिलुतेबाईंना आणलं.
वय एक्याऐंशी. मफलर काढला नाही.
चहात मुरंबा ढवळला, चमचा तसाच कपात,
आणि पडद्याकडे बघत म्हणाल्या,
"हा लंगडत का नाही?"

आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली.
लंगडणं कुठल्याच कागदावर नव्हतं.

"त्या हिवाळ्यात स्टुडिओचे हीटर बंद.
सेकंदाला बारा वेळा त्याचा पाय उचलायचा,
बाराव्या खेपेला माझी बोटं आखडायची.
दिग्दर्शक म्हणे, पुन्हा घेऊ.
पुन्हा घ्यायला फिल्म कुठे होती?"
मग जरा थांबून,
"डाव्या पायात सायकलची तार आहे.
सायकल कुणाची, ते विचारू नका."

एइमान्तासने टिपून घेतलं :
डावा पाय, दर बारावी फ्रेम.
संध्याकाळपर्यंत गणित बसलं.
तो लंगडला, अगदी हुबेहूब.
बाईंनी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही;
त्यांची मान हल्ली तशीही हलते.

शनिवारी मुलं आणून बसवली.
पुढच्या रांगेत उग्ने, पाच वर्षांची,
डावा बूट उजव्या पायात.
करकोचा छपराला शिडी टेकवतो,
चढतो,
शेवटच्या पायरीवर खाली बघतो.
इथे आम्ही हसायचो.

ती हसली नाही.
उठून पडद्यापाशी गेली
आणि दोन्ही हातांनी
शिडी खालून धरून उभी राहिली.