तिसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक

बाप्तिस्म्यासाठी आम्हाला भोपळा दिला.
कॉटन मार्केटातून आणलेला, चार किलोचा,
पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेला.
"मान डाव्या कोपरात," हिवराळे सर म्हणाले,
"आणि मान धरली आहे हे आईला दिसलं पाहिजे.
आशीर्वाद नंतर. आधी मान."
भोपळ्याला मान नसते, इम्मानुएल पुटपुटला,
आणि त्याच्याच हातून तो निसटला,
कुंडाच्या दगडी काठावर फुटला.
रात्री मेसमध्ये भोपळ्याची भाजी.
जेवणाआधीची प्रार्थना लांबली,
कुणालाच आमेन म्हणवेना हसण्यामुळे.

दफनासाठी विटा.
अठरा. "सरासरी माणूस," सर म्हणाले,
आणि पेटीचं झाकण लावलं.
मे महिना, जरीपटक्याचं कबरस्थान,
काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा.
चौघे जण, दोन दोर,
सकाळी सातलाच दोर तापलेले.
मी खड्ड्याकडे बघत होतो
आणि माझी बाजू सारखी खाली जात होती.
खोदणारे झिंगरूजी निंबाखालून ओरडले,
"खड्ड्यात काहून पाहून राह्यला बे?
समोरच्याच्या हाताले पाहा न."
सरांनी वहीत ते लिहून घेतलं.

शनिवारी दुपारी मेडिकल.
नऊ नंबर वॉर्ड, खिडकीजवळचा पलंग,
सगुणाबाई पारधे, मिशन शाळेच्या आया,
बावीस वर्षं पोरांची नाकं पुसून निवृत्त.
मी स्तोत्र पाठ करून गेलो होतो,
आवाज कुठे खाली आणायचा तेही ठरवून.
"ते मला येतं," बाई म्हणाल्या.
"तू माझा चष्मा शोध."

पलंगाखाली एक थर्मास, कुणाची तरी चप्पल,
शेजारणीच्या नातवाची लोळत गेलेली गोटी,
फिनाइलचा वास.
मी गुडघ्यांवर होतो. खूप वेळ होतो.
उपासनेत इतका वेळ कधी नव्हतो.
चष्मा त्यांच्याच उशीच्या खोळीत निघाला.
मग त्यांनी तो लावला, माझ्याकडे नीट पाहिलं
आणि म्हणाल्या, "दाढी करून येत जा.
मरणाऱ्याला वाटतं, आपल्याआधी तूच आजारी पडलास."

अहवालात मी लिहिलं:
रुग्णाशी संवाद, अर्धा तास.
त्यातली वीस मिनिटं पलंगाखाली.
सरांनी लाल शाईत एवढंच विचारलं,
चष्मा सापडला का?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या.
मुलगा बिलासपूरहून निघाला होता, गाडी उशिरा.
खांदा द्यायला मंडळीतले दोघे म्हातारे,
एक पाहुणा गुडघेदुखीचा.
म्हणून आम्ही चौघे.
मी दाढी केली होती.

दोर हातात घेतला
आणि माझे हात अठरा विटांना तयार होते.
पेटी उचलली तशी मी मागेच गेलो,
ती इतकी हलकी निघाली.
माझी बाजू वर. आत काहीतरी सरकलं,
लहानसं, काचेसारखं वाजलं.
मुलाचा चेहरा मी पाहिला नाही.
खड्डाही पाहिला नाही.
समोर इम्मानुएल होता,
भोपळा पाडणारे तेच हात,
दोर बोट बोट सोडत होते,
आणि मी त्यांच्या मागोमाग सोडत गेलो,
तळ लागेपर्यंत.

सरांनी वचन वाचलं. ते वाचत असताना
झिंगरूजींनी माझ्या तळहातावर पाणी ओतलं.
काही बोलले नाहीत.

जुलैत पहिल्या वर्षाची पोरं आली.
नवे बूट, नवी शास्त्रं, वहीवर खाकी कव्हर.
त्यांतल्या एकानं, गोंदियाच्या अभिषेकनं,
पेटीत विटा रचता रचता विचारलं,
"दादा, किती टाकायच्या?"
अठरा, मी सांगितलं.
त्यानं मोजून अठरा टाकल्या.

सर फाटकापाशी फोनवर होते.
मी झाकण परत उघडलं
आणि सात विटा काढून
निंबाच्या मुळाशी ठेवल्या.