साठ बाय साठ

जुन्या ओटीजीनं दिवाळीच्या तोंडावर मान टाकली.
वरची कॉइल लाल, खालची काळी,
नानकटाई वरून बदामी, बुडाला कच्चं पीठ;
एकशे चाळीस नग, सगळे ऑर्डरचे.
रात्री दीड वाजता एकेक तव्यावर शेकत बसले
आणि ठरवलं, आता भिंतीतला.

राजारामपुरी, आठवी गल्ली, काचेचं दुकान.
टाय लावलेला पोरगा म्हणाला, मॅडम, अठरा फंक्शन,
शिवाय मोबाईलवरून चालतो, तुम्ही बाजारात असला तरी.
म्हटलं, मी बाजारात असताना त्याचं काय काम?
मला एकशे ऐंशी म्हटलं की एकशे ऐंशी पाहिजे,
डाव्या कोपऱ्यात आणि उजव्या कोपऱ्यात,
पहिल्या ट्रेला आणि सहाव्यालाही.
पिशवीतून ब्रेडचा पुडा काढला,
जाळीवर नऊ स्लाइस मांडल्या. म्हटलं, लाव.
तो म्हणाला, डिस्प्लेच्या पीसला कनेक्शन नसतं.
काचेमागं त्या नऊजणी
शाळेच्या ग्रुपफोटोत बसल्यासारख्या, ताठ.
परत पुड्यात भरल्या. संध्याकाळी उपमा केला.

दुसऱ्या खेपेला आदगोंडा मामांना नेलं.
उद्यमनगरात छत्तीस वर्षं भट्टीवर,
रसाचा रंग बघून ताप सांगायचे,
भुवया अजून नीट उगवलेल्या नाहीत.
त्यांनी एकही बटण दाबलं नाही.
दार उघडलं. मिटलं.
अर्ध्यावर आणून हात सोडला,
जिथं सोडलं तिथंच थांबतंय का बघितलं.
म्हैस घेताना कास चाचपतात
तसं रबराच्या कडेवरनं बोट फिरवलं चारी बाजूंनी.
मग म्हणाले, उष्णता दारातनं जाते, पोरी,
आणि पैसा बटणातनं.

तरी मन घट्ट होईना. लक्ष्मीपुरीत गेले,
बाबालाल शिकलगारचं दुकान टेबलाएवढं,
वर मेलेल्या ओव्हनांची दारं ओळीनं टांगलेली.
मोबाईलवरचे फोटो एकेक दाखवले.
हा? ह्याचं बोर्ड पावसाळ्यात जातं,
पुण्याहून यायला तीन आठवडे.
हा? काच तडकते, आवाज करून.
ह्याच्या तर जिवावर मी थोरलीचं लग्न केलं, बाई.
मग मामांनी बोट ठेवलेला दाखवला,
दोन गोल बटणं, मागं पंखा, पडदा नाही.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला.
ह्याला मी ओळखत नाही, म्हणाला.
घ्या.

रस्त्यावर आल्यावर वाटलं,
की हा कुणी घेतच नाही म्हणून?
ती शंका गाडीवर मागं बसून
दाभोळकर कॉर्नरपर्यंत आली.
सिग्नल सुटताना उतरली असावी.

आई पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन
शनिवार पेठेत बेकरीच्या दारात रांगेला बसायची,
प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी, वर एक लवंग टोचलेली.
भट्टी त्याची, वेळ त्याची,
करपलं तर नशीब तेवढं आपलं.
एका वर्षी चिठ्ठ्या उडाल्या
आणि आम्ही दिवाळीभर कुणाची तरी जास्त वेलदोड्याची खाल्ली.
चांगली होती. आईनं कबूल केलं नाही.

भिशीचे पैसे दिले. वायरमननं मीटरपासून वेगळी तार ओढली.
गवंड्यानं भिंतीत चौकोन पाडला, साठ बाय साठ,
तीन दिवस डाळीत सिमेंट लागत होतं.
ओव्हन मात्र गोदामात आहे, सोमवारी येतोय.
हा तिसरा सोमवार.

तोवर दुपारची शेजारची मांजर येते,
टेपात गुंडाळलेल्या वायरीला हुंगते,
चौकोनात चढून बसते बरोबर मधोमध,
चारी बाजूंनी सारखं अंतर सोडून.

ट्रे असाच ठेवायचा असतो.