हातचा

बाईंचा बढतीचा फॉर्म माझ्याकडे आला,
कारण ग्रंथालयात कूलर आहे
आणि मला टायपिंग येतं.
रकाना सात : एकूण शोधनिबंध.
रकाना आठ : इतरांनी दिलेले संदर्भ.
रकाना नऊ : एच-इंडेक्स. तो काय असतो ते
मुरारच्या भाच्याला फोन करून विचारलं.

डॉ. प्रमिला घोरपडे, संगणकाचं अंकगणित.
म्हणजे नेमकं काय हो, बाई?
म्हणाल्या, यंत्राला बेरीज येते, पण उशीर लागतो.
उशीर आकड्यांचा नाही, हातच्याचा.
उजवीकडून हातचा येईपर्यंत
डावीकडचा नुसता बसून राहतो,
चौसष्ट जणांच्या पंगतीत
शेवटच्या पानावरचा भात वरणाची वाट बघतो, तसा.
तो येणार की नाही, हे आधीच ओळखायचं,
सत्तावीस वर्षं मी एवढंच करून राहिले.

मला जनकगंजची शाळा आठवली.
हातचा विसरला की हातावरच पडायची.

पडद्यावर अडतीस निबंध निघाले.
सर्वांत जास्त संदर्भ कशाला,
तर एका दोन पानी चूकदुरुस्तीला.
मूळ लेखाला तेवीस,
त्यातली चूक कबूल केली, तिला एकशे चार.
बाई इतक्या हसल्या की वाचनकक्षातल्या पोरांनी माना वर केल्या.

मेची दुपार, काम थोडं.
मी एकेक संदर्भ उघडून पाहिला.
बहुतेक ठिकाणी चौकटी कंसात सात ते पंधरा,
नऊ जण हजीऱ्याच्या टेम्पोत कोंबलेले,
बाई त्यात कुठेतरी, एक पाय बाहेर.
एका कोरियन माणसानं मात्र अख्खं वाक्य लिहिलं होतं :
घोरपडे यांची तिसरी आकृती नसती
तर आमची चिप आजही चुकीचा भागाकार करत असती.
हे वाक्य कुठे भरायचं?
फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

आणि एका लेखाला शून्य.
लेखाचा विषयही शून्यच :
यंत्रात म्हणे दोन शून्यं असतात, एक अधिक, एक उणे,
आणि कुठून घसरत आलो ते दोघांना आठवतं.
बाई म्हणाल्या, गडावर दगडात एक शून्य कोरलंय,
ते बघायला परदेशातून माणसं चढून येतात.
माझ्या शून्याला इथे लष्करातूनही कुणी आलं नाही.

शुक्रवारी जुने खंड बांधायला काढले.
एकोणनव्वदच्या परिषदेचा, पाठीला वाळवी लागलेला,
पान दोनशे बारा, प्र. खिरे, ग्वाल्हेर.
तीच आकृती. बाण तसाच,
डावीकडे वळताना किंचित मान वाकवणारा.
बाई, ह्या खिरे कोण?

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
लग्नाआधीची.
तिचे किती?
सतरा.
मग कुणी बेरीजच केली नाही?
त्यांना मी दोघी आहे हो.
कोर्टात सही करायला एक दुपार पुरली.
आमच्या घरी कळायला सहा वर्षं.
निबंधांना कुणी सांगायचं राहूनच गेलं.

माझ्या टेबलावरची चिठ्ठी ओढून
त्यांनी अडतीसखाली सतरा लिहिले.
आठ नि सात पंधरा. पाच मांडले,
तिनाच्या डोक्यावर इवलासा एक.
पंचावन्न.
मग खोडरबर मागून तेवढा एक खोडला.
सवय, म्हणाल्या. हातचा कुणी उत्तरात ठेवतं का?

पाचच्या आत फॉर्म जायचा होता.
पंचावन्न टाकले, तर लाल अक्षरं : नोंद जुळत नाही.
दोनदा टाकले.
मग अडतीस.

चिठ्ठी त्या खंडातच आहे, पान दोनशे बारा.
खिडकीशी तिरकी धरली
की खोडलेल्या एकाचा वळ दिसतो.
खंड कुणी मागितला तर लगेच काढून देईन,
फडताळ खालून दुसरं.
अजून मागितलेला नाही.