फरशी ओली आहे

वाल्पाराइसोच्या एका टेकडीवर आमची शाळा.
बंदरापासून एकशे चौदा पायऱ्या, मग फाटक.
फाटकाची किल्ली माझ्याकडे.
नाव एलेउतेरियो, पोरं तेयोकाका म्हणतात,
आणि पोरं गेल्यावर जे मागे उरतं
ते माझं काम.

गुरुवारी मात्र अराबेनाबाई तास सुरू असतानाच निरोप धाडतात:
"फडकं-बादली घेऊन या, आज फलांचा प्रयोग आहे."
आमच्या बोलीत गणितातलं फल आणि नाटकाचा खेळ
दोन्हींना एकच शब्द.
पहिल्या वेळी मी केस विंचरून गेलो होतो.

टेबलावर बाटल्या. तेलाची चौकोनी, औषधाची बुटकी,
आणि वाईनचा पाच लिटरचा पोटाळ बुधला,
कुणाच्या तरी आजोबांनी रिकामा केलेला.
एक कप पाणी ओता, पट्टी लावा, उंची लिहा. पुन्हा एक कप.
येर्को ओततो, मिल्याराय वाचते,
खिडकीजवळचा अबोल पोरगा कागदावर ठिपके मांडतो.
चौकोनी बाटलीचे ठिपके ताणलेल्या दोरीसारखे.
बुधल्याचे मात्र आधी चढतात, मग पोटाशी आळसावतात,
मग एकदम उठून पळत सुटतात.
बाई बुधल्यावर फडकं टाकतात (माझंच):
"आता नुसता कागद बघून सांगा, मान कुठे सुरू झाली?"
मला ते कागदाशिवाय माहीत होतं.
एकतीस वर्षं भांडी भरतोय. मान आली की पाणी घाई करतं
आणि नळापर्यंत हात पोचत नाही.
बोललो नाही. शिपायाला कोण विचारतं?

मग बाकं सरकवली. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा,
शून्य, एक, दोन, तीन मीटर.
भिंतीशी एक डबी, टिकटिक करणारी.
समोरचा माणूस किती लांब आहे ते ती मोजते
आणि पडद्यावर रेघ ओढत जाते.
बाई रेघ देतात, पोरांनी ती चालायची.
चढती असेल तर मागे मागे जा. आडवी असेल तर जागचं हलू नका.
येर्को इतक्या जोरात मागे गेला
की माझ्या बादलीतच बसला.

तेवढ्यात कुणीतरी फळ्यावर सरळ उभी रेघ मारली.
"तेयोकाका, ही चालून दाखवा!"
हशा.
मी बूट काढले. का, ते विचारू नका.
दोन मीटरवर उभा राहिलो. मागे गेलो. उडी मारली.
काहीही करा, रेघ आपली उजवीकडे सरकते,
मला न विचारता.
"नाही जमत," म्हटलं.
"का नाही?" हे बाईंनी पोरांना नाही, मला विचारलं.

"एकाच क्षणी माणूस सगळ्या जागी कसा असेल, बाई?
मी करून पाहिलंय.
रात्री बंदरावर पहारा करायचो, सकाळी इथे.
बायको गेली त्या पहाटे
मी कंटेनर मोजत होतो."

कुणी हसलं नाही. डबी टिकटिकत राहिली.
पडद्यावर मी आडवी रेघ झालो होतो,
लांबच लांब.

मिल्याराय हळूच म्हणाली, गणितच विचारत असल्यासारखी,
"पण एकाच जागी पुन्हा जाता येतं ना? वेगळ्या वेळी?"
"येतं," बाई म्हणाल्या. "कितीही वेळा."

घंटा. पायऱ्यांवरून दंगा खाली बंदराकडे घरंगळला.
मी पाणी पुसलं, पट्ट्या खरवडल्या.
दोन मीटरची निघेना, राहू दिली.
मग बादली नळाखाली धरली.
तळाशी अरुंद, तोंडाशी रुंद.
पाणी आधी धावलं, मग दमत दमत वर येऊ लागलं.
याचा कागद कसा दिसेल,
बोटाने हवेत काढून पाहिलं. सुरुवातीला उभा,
मग झुकत झुकत...
बरोबरच येत होतं बहुतेक,
तोवर पाणी काठावरून उतरून
माझ्या बुटांत शिरलं.