पहिल्या प्रतीचा निळा

मिरज रस्त्याला मगदूमांची नर्सरी.
टायरच्या कुंपणामागे ते ओळीनं उभे,
पंख्यांसारखी पानं उघडून,
कुणी बोर्डोचं पाणी जरा जास्तच मारल्यासारखे.

'पावसानं जात नाही हा रंग,' मगदूम म्हणाले,
'बिस्मार्क पाम. जितका उन्हात तापेल तितका निळा.'
भूपालनी ते नाव दोनदा तोंडात घोळवलं
आणि वहीत 'निळा ताड' लिहून मोकळे झाले.

मला दोन हवे होते,
फाटकाच्या दोन्ही अंगांना,
मार्केट यार्डामागच्या त्या बंगल्यात आहेत तसे.
पण काल रात्री अंगणात टेप धरला,
चुन्यानं पंधरा फुटांचा वेढा काढला.
त्यात गेली कपड्यांची तार, स्कूटर, कढीपत्ता,
आणि मुजावरांच्या खिडकीचा अर्धा उजेड.
दुसऱ्या वेढ्याला चुना उरला नाही,
असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

तर एकच. पण कुठला?
काही जन्मभर हिरवटच राहणारे.
एकाच्या देठाला जांभळी झाक.
एकानं कुंडी फोडून जमीनच धरलेली.
'त्याला नका हलवू. मूळ दुखावलं
की हे झाड परत बोलत नाही.'

तेवीस हंगाम मी पॅकहाऊसला काढले.
डोक्याला टोपी, हातात कात्री.
घड देठानं धरायचा, मण्याला बोट नाही;
वरची धुरकट लव गेली की माल दुसऱ्या प्रतीत.
नव्या पोरींच्या हातावर चापट्या मारल्यात मी.
कमल आवटीला तर पट्टी.

आणि मागच्या ओळीतल्या एका पानावर
माझाच अंगठा गेला.
निळ्यावर हिरवा ठसा,
सोसायटीच्या कागदावर आईचा उमटायचा तसा.
पुसून काही होत नाही, मला नको का माहीत?
तरी पदरानं पुसलं.
आणखी पसरला.

भूपाल पलीकडे उंच झाडाचा भाव पाडत होते.
मी म्हटलं, हेच.
'हे बुटकं? खोड दिसायला दहा वर्षं जातील.'
जाऊ देत.
हाताळलेला घड पेटीत परत ठेवत नाहीत,
घरी नेतात.

टेम्पोत मागं बसले, कुंडी गुडघ्यांत धरून.
कवलापूरच्या पुढं कुणी बागेत औषध मारत होतं,
वारं नेमकं आमच्याकडं.
ठशाचं पान ओढून
मी तोंडावर धरलं.