एकशे नव्व्याण्णवचा ससा

कोपरखैरणे, सेक्टर सात.
जनरल स्टोअर्सच्या काचेवर कोपर टेकून
मी काजळाच्या कांडीवरचा ससा शोधते आहे.
चष्मा कपाळावर, कांडी नाकाशी.
सापडतो. तिळाएवढा, कान मागे टाकून उडी मारणारा.
"घ्या मॅडम, ह्यात प्राणी मारत नाहीत,"
काउंटरवरचा पोरगा सांगतो,
केकमध्ये अंडं नाही हे सांगावं तसं.

मारायचे नाहीतच, बाळा.
मारणं अगदी शेवटी असायचं.

ब्याण्णव साली, रबाळ्याला,
पत्र्याच्या शेडमागे एक थंडगार खोली होती,
तिथे माझं टेबल. बीएस्सी, पगार अकराशे.
वडिलांनी गोण्या उचलून शिकवलेलं,
त्यामुळे घरी सांगितलं, बसून काम आहे.
होतंच बसून.
ससेही बसलेलेच असायचे,
मान तेवढी पेटीबाहेर.
डाव्या डोळ्यात थेंब. उजवा तसाच, तुलनेसाठी.
एक तास, चोवीस तास, बहात्तर तास.
लाली, शून्य ते तीन.
सूज, शून्य ते चार.
साहेब म्हणायचे, निकमबाईंचं अक्षर म्हणजे मोती.
ससा ओरडत नाही सहसा.
तसा कॉलमही नव्हता.

चौदा महिने. मग मी नोकरी सोडली
आणि तोंडाला काही लावणंही.
भाषणबिषण केलं नाही कुठे.
लोकांनी आपापला अर्थ काढला:
मुलगी साधी आहे हो.
बघायला आलेल्या एका बाईंनी तर
माझ्या गालावरून बोट फिरवून खात्री करून घेतली.
तीस वर्षं हे कौतुक मी
दुसऱ्याचं पार्सल सही करून घ्यावं तसं घेत राहिले.

आता वाशीच्या लॅबमध्ये रिसेप्शनला बसते,
इथे फक्त माणसांचं रक्त, तेही विचारून.
नवे मॅनेजर म्हणाले, जरा फ्रेश दिसत जा.
भाचीला फोन केला. तिने यादी पाठवली,
सगळं तीनशेच्या आत, सगळ्यांवर ससा.
"आणि मेण नको हं मावशी, ते मधमाश्यांचं."
आई आठवली, मेणाचं बोट टेकवून त्यावर कुंकू भरणारी.
आई नापास.
भाचीचं नाव कस्तुरी.
कस्तुरी कुठून काढायचे, ते मी तिला सांगितलेलं नाही.

दुकानात ट्यूबलाइट, सगळेच रंग आजारी.
मनगटावर चार रेघा ओढून मी बाहेर उन्हात येते.
बदामी. कातडीत विरघळून गेली, पैसे वाया.
विटकरी. बरी.
गुलाबी कस्तुरीच्या वयाची.
जांभळी लावून मोबाइलमध्ये पाहिलं,
तर कुणाच्या तरी झाडाखालून चोरून खाऊन आल्यासारखी.
टेम्पोवाला हॉर्न देतो, मी मनगट पदराखाली घेते,
पंचावन्नाव्या वर्षी, चोरासारखी.

विटकरी दोनशे एकोणपन्नास, काजळ एकशे नव्व्याण्णव.
सुटे नाहीत म्हणून पोराने दोन गोळ्या दिल्या.

सकाळी आरशासमोर
पापणी खाली ओढली आणि हात थांबला.
ही पकड बोटांना अजून येते.
अंगठा खाली, तर्जनी वर,
न दुखवता, पण सुटणारही नाही अशी.
भरलं काजळ. डाव्या डोळ्यात.
उजवा तसाच ठेवला.

बिल उलटं करून लिहिलं:
सात पस्तीस. लाली शून्य. सूज शून्य.
पाणी थोडं.
कारण नोंदवलं नाही.
अक्षर अजून चांगलं आहे.

बससाठी पळताना बाकीचं राहूनच गेलं.
काउंटरवर ग्लोरियाने पाहिलं, पुन्हा पाहिलं.
"निकममॅडम, एकच डोळा?"
म्हटलं, दुसरा तुलनेसाठी.
ती खूप हसली.
मीही हसले, जरा उशिरा,
आणि पहिल्या पेशंटला विचारलं,
उपाशी पोटी आहात ना.